मामंजींचं ताट आणि पाच सृष्टी

टायफॉइडनं सासऱ्यांची अन्नावरची वासनाच गेली होती. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, निदान अंडं तरी द्या. मामंजींनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. शेवटी सासूबाईंनी मंडईतून मश्रूम आणलं आणि काळ्या मसाल्याचा पातळ रस्सा केला. तो मात्र मामंजींनी मागून घेतला. मग रोज तेच. चार घास गेले की सासूबाई देवाला हात जोडायच्या.

मी विज्ञान शिकवते. धाराशिवच्या आमच्या घरी ओसरीवर संध्याकाळी आठवीची शिकवणी असते. आतल्या खिडकीशी मामंजींची बाज. पडल्यापडल्या माझी शिकवणी ऐकणं हाच त्यांचा विरंगुळा. त्या दिवशी सजीवांचं वर्गीकरण होतं. फळ्यावर पाच सृष्टी लिहिल्या, तर एक पोरगी म्हणाली, मश्रूम वनस्पतींत. चुकीचं उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. "वनस्पती कुठली? कवक आहे ते! स्वतःचं अन्न स्वतः करत नाही. झाडांपेक्षा प्राण्यांनाच जवळचं!" मी ठणकावलं. आत बाज करकरली आणि मी जीभ चावली.

जेवताना मामंजींनी ताटाला हात लावला नाही.

"सूनबाई, मगाशी पोरांना सांगितलंस ते खरं हाय का?"

सासूबाई पळी हातात धरून दारात उभ्या. नाही म्हण, नाही म्हण, असं डोळ्यांनी सांगत होत्या. एक शब्द तर बोलायचा होता, पण जीभ वळेना.

"खरं आहे, मामंजी. पण त्याला रक्त नसतं, ते हलत नाही, ओरडत नाही..."

"म्या रगताचं न्हाय इचारलं. सोयरं कुणाचं, ते इचारलं."

त्यांनी ताट सरकवलं.

स्वयंपाकघरात सासूबाई फुटल्या. "एक दिस झाड म्हणली असतीस तर आभाळ कोसळणार होतं व्हय? उपाशी माणसाला कसलं शास्त्र शिकवतीस?" मला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, त्या पुस्तकाचाही आला.

सकाळी मामंजींनी चहासुद्धा घेतला नाही. सासूबाई माझ्याशी बोलेनात. दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. दुपारी मात्र मामंजींनी आपणहून दहीभात मागितला आणि वाटीभर संपवला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मलाही रडू आलं.

संध्याकाळी पुस्तक उघडलं. पुढचा भाग जिवाणूंचा. ना झाड, ना प्राणी. नव्या वर्गीकरणात सगळ्या जीवांची तीनच मोठी घरं, त्यातलं एक अख्खं घर यांचं. आणि पहिलंच उदाहरण दह्याचं.

"सूनबाई," खिडकीतून हाक आली, "आज काय शिकवणार?"

"आज गच्चीवर बसतो, मामंजी. इथं डास लई झालेत."

पोरं फळा उचलून जिना चढली. वर जाऊनसुद्धा मी हळू आवाजातच शिकवलं.