ब्रेकच्या दिवशीचं पाणी

आमच्या शेजारच्या काकू सरकारी रोपवाटिकेत कामाला होत्या. पिशव्यांत माती भरायची, बी टोचायचं, पाणी द्यायचं. वर्षानुवर्षं हेच, पण कागदावर हंगामी. काही महिने झाले की साहेब एक दिवस 'ब्रेक' द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर घ्यायचे. नोकरी सलग दिसली तर कायम करावं लागेल ना!

ब्रेकच्या दिवशीही काकू मागच्या फाटकातून आत जात आणि पाणी घालून येत.

"अहो काकू, फुकट कशाला राबता?"

"अगं, ब्रेक मला दिलाय. रोपांना कुठे दिलाय?"

पुढे चार बायकांना सोबत घेऊन त्यांनी कामगार न्यायालयात दावा लावला. साहेबांनी मग पुढचा ब्रेक संपूच दिला नाही.

खटला रेंगाळला. काकू चार घरची धुणीभांडी करू लागल्या. संध्याकाळी मात्र हटकून रोपवाटिकेच्या भिंतीशी उभ्या. पलीकडून ओल्या मातीचा वास आला की चेहरा असा व्हायचा, जणू माहेर दिसतंय पण गाडी थांबत नाही. सुनेनं हौसेनं एक कुंडी आणून दिली, तर म्हणाल्या, "एका पोरानं का शाळा भरते?"

साक्षीच्या दिवशी मी सोबत गेले होते. सरकारी वकील म्हणाले, "यांची सेवा सलग नाही."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मग ब्रेकच्या दिवशी पाणी कोण घालायचं?"

वकिलांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी पंख्याकडे. साक्षीला आलेले निवृत्त मुकादम म्हणाले, "ह्याच यायच्या. फाटक मीच उघडून द्यायचो."

निकाल लागला. ब्रेक नुसते दाखवायला दिलेले आहेत, सेवा सलग धरा, बायकांना कामावर परत घ्या.

निकालाची प्रत घेऊन काकू तडक ऑफिसात गेल्या. मी मागोमाग.

"उद्यापासून या," साहेब म्हणाले. "ऑर्डर निघू दे."

"उद्या येतेच. आज नुसतं पाणी घालून जाते."

"नको हो बाई! परत कोर्टात उभं कराल मला!"

काकू हसल्या, पण घरी काही आल्या नाहीत. फाटकाबाहेरच्या दगडावर टेकल्या. आत कुणीतरी पाइप सुरू केला होता.

"धार फार जोरात सोडलीय," त्या पुटपुटल्या. "बी उघडं पडेल गं."