प्रूफवाल्या नानांचा चष्मा

प्रूफवाले नाना चिडले की अहिराणीत बोलायचे. एरवी त्यांची मराठी अग्रलेखासारखी शुद्ध. पण गॅलीत, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रतीत, एक चूक दिसली की त्यांचं शिंदखेडा गाव तोंडातून बाहेर पडायचं. 'हाई काय शे? डोया फुटी ग्यात का तुन्हा?' असं कंपोझिटरला विचारतच ते लाल पेन उचलत. जळगावच्या आमच्या छोट्या दैनिकात मालकही त्यांना वचकून असत. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं बोलणी खाल्ली, आणि जे काही शिकलो ते त्या बोलण्यांतूनच.

प्रूफ ते नाकापासून वीत-दीड वीत अंतरावर धरायचे. भजी बांधून आलेला कागदसुद्धा त्यांना सुधारल्याशिवाय टाकवत नसे. आम्ही हसलो की म्हणायचे, 'छापलंय ना? मग कुणीतरी त्यावर विश्वास ठेवणार. हसता काय?'

मग कॉम्प्युटर आले. सुरुवातीला त्यातून प्रूफ कागदावर निघायचं, तोवर सगळं ठीक होतं. पण मालकांना कागदाची काटकसर सुचली. 'स्क्रीनवरच वाचा,' म्हणाले. नानांचा जुना चष्मा तसाही घासून आंधळा झाला होता. नवा घ्यायला मीच त्यांना बाजारातल्या चष्मेवाल्या चाचांकडे घेऊन गेलो.

चाचांनी विचारलं, 'काम काय करता, नाना?'

'वाचतो.'

चाचा म्हणाले, आता बिनरेघेची काच निघाली आहे. वरून लांबचं, खालून जवळचं आणि मधून मधलंही दिसतं. मुंबईहून मागवावी लागेल, आठ दिवस थांबा. नाना उखडले. 'रेघ नाही, तर कुठून काय बघायचं ते माणसाला कळणार कसं? आम्हाला रेघेचा द्या.' खिशातून घडी घातलेलं प्रूफ काढलं, सवयीनं वीतभर अंतरावर धरलं आणि चाचांच्या भिंगांतून चार ओळी खणखणीत वाचल्या. 'बेस शे,' म्हणाले. झाली निवड.

आणि मी? मी रोज त्या खोक्यासमोर बसत होतो. स्क्रीन वीतभरावर नसते, चांगली हातभर लांब असते, हे मला माहीत होतं. 'नाना, कॉम्प्युटरचं अंतर वेगळं आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण परक्यासमोर नानांची चूक काढायची कुणी? मी भिंतीवरच्या फ्रेमा बघत उभा राहिलो. आज त्या माणसाच्या, म्हणजे माझ्या, थोबाडीत द्यावीशी वाटते.

नव्या चष्म्याच्या वरच्या काचेतून स्क्रीन धूसर दिसायची. खालच्या काचेतून बघायचं तर हनुवटी वर करून नाक स्क्रीनला लावावं लागायचं. नाना दिवसभर तसे मान ताणून बसायचे. पोरं नकला करायची. एकदा मीही हसलो.

मग एके दिवशी केळीच्या भावात आकडा चुकला आणि तो नानांच्या नजरेतून सुटला. यावलकडचे शेतकरी सकाळी आमचा पेपर बघून व्यापाऱ्याशी बोलणी करायचे. दुपारपर्यंत दहा-बारा जण तो अंक घेऊन मालकांच्या टेबलासमोर उभे. मालकांनी त्या सगळ्यांदेखत नानांना बोलावलं आणि म्हणाले, 'नाना, वय झालं तुमचं.' वय! बावन्न वर्षांच्या माणसाचं काय डोंबलाचं वय झालं? कागद वाचवला कुणी? आणि कापलं कुणाचं नाक? नाना एवढंच म्हणाले, 'खरंय. मला आता चूक सापडत नाही.' त्यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि गावी निघून गेले. त्यांची खुर्ची मला मिळाली. मी बसलो, निमूटपणे.

सात वर्षांनी मला चाळिशी लागली. चाचांना मी आपणहून सांगितलं, कॉम्प्युटर हातभर लांब असतो. त्यांनी बिनरेघेची काच मागवून दिली. पहिल्याच दिवशी खुर्चीत पाठ टेकून बसलो आणि स्क्रीनवरचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना लख्ख दिसला. त्या दिवशी माझ्याच्यानं एक ओळ पुढं वाचवली नाही.

रविवारी शिंदखेड्याची एसटी धरली. नाना ओट्यावर बसले होते. शेजारचा एक जण लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायला घेऊन आला होता, आणि नाना त्याला परत पाठवत होते. 'दुसऱ्याला दाखव, भाऊ. माझा भरवसा नको धरू.' तो गेल्यावर मी सगळं सांगितलं. नानांनी माझा चष्मा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

'म्हणजे माझी नजर चुकत नव्हती.'

'नाही, नाना. काच चुकली होती.'

'तुला हे दुकानात माहीत होतं?'

'होतं.'

आता ते अहिराणीत सुरू होतील म्हणून मी वाट बघत बसलो. खरं सांगतो, त्यांनी माझा उद्धार करावा एवढ्याचसाठी मी आलो होतो. नानांनी चष्म्याच्या काड्या नीट मिटून तो माझ्या हातात दिला आणि काकूंना आत हाक मारली. म्हणाले, 'पाहुण्यांसाठी चहा टाका.'