दोन ठोके, मग एक

तुमच्या सदरातले अनुभव मी वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटतो. आमच्या घरात या गोष्टींना जागाच नाही. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी देवघरातले टाक गावच्या नदीत सोडले आणि मागे वळूनही पाहिलं नाही. मी दुर्गच्या कॉलेजात सायन्सला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे असं काही लिहिताना मला लाज वाटते... पण गेल्या दसऱ्याला जे झालं ते कोणालाच नीट सांगता येत नाही. सांगायला लागलो की लोक मलाच शाबासकी देतात. का, ते पुढे कळेल.

आम्ही भिलाईला पावर हाउसच्या बाजूला कॅम्पमध्ये राहतो. बाबा कारखान्याच्या बांधकामावर आहेत. माझा मोठा भाऊ, दादा, पिकअप गाडी चालवतो. लष्कराच्या लिलावातली जुनी गाडी — पुढे तिघं बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौद. सकाळी तो मजूर नेतो, दुपारी शटरिंगच्या फळ्या आणि बल्ल्या, म्हणजे लांब लाकडी वासे. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यात आलं, की दसऱ्याला सगळ्यांनी याच गाडीनं नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं. रेल्वेनं नाही. वाटेत मुक्काम करायचा, आपलं आपण रांधायचं, गाडीतच झोपायचं.

अडचण एकच होती. गाडी रोजच्या कामाची होती. जे काही बसवायचं ते रविवारी चढलं पाहिजे आणि सोमवारी मजुरांच्या आधी उतरलं पाहिजे.

हे काम दादानं बिसाहूला सोबत घेऊन केलं. बिसाहू जवळच्याच गावचा, वेल्डिंग करायचा आणि बल्ल्यांच्या खेपेला दादाच्या गाडीत मागे बसायचा. बोलायला तिखट, गाणी म्हणणारा, स्वतःचीच तारीफ करणारा. त्यानं हौदाच्या दोन्ही बाजूंना पाइपाचे तुकडे जोडले. त्यात लोखंडी कमानी उभ्या करायच्या आणि वरून ताडपत्री ओढायची. फळ्यांना बिजागऱ्या लावून झोपायला दोन बाकं केली, दिवसा बाजूला उभी राहतील अशी. बाकाखाली स्टोव्ह-तांदळाची पेटी, कोपऱ्यात पाण्याचा ड्रम. ओझं वाढलं म्हणून स्प्रिंगला एक पट्टा जास्त.

मी अंगणात खाटेवर पुस्तक घेऊन बसायचो. गाडीखालून दोघांचे फक्त पाय दिसायचे आणि हसणं ऐकू यायचं. दादा त्याच्याशी छत्तीसगढीत बोलायचा, आणि त्या भाषेत तो जास्त हसायचा. माझ्याशी बोलताना मात्र दादाचा आवाज बदलतो — जसा मास्तरशी बोलतो तसा.

एकदा मी पाना उचलून त्याच्याकडे नेला.

“ठेव तो,” दादा म्हणाला. “तुले कायले पाहिजे हे? हात काळे नको करू. तू वाच.”

“कालेज बाबू,” गाडीखालून बिसाहूचा आवाज, “ए पाना काट दिही तोला!”

दोघंही हसले. मी परत खाटेवर आलो. पान तेच, ओळ तीच. मला माहीत आहे की दादा मला मानानं दूर ठेवत होता. मी शिकावं म्हणून तो सातवीतून... नाही, ते इथे नको. पण त्या उन्हाळ्यात कोणी मला विचारलं असतं, की पहिला नंबर पाहिजे का ते काळे हात, तर मी काय सांगितलं असतं ते मला ठाऊक आहे.

झोपायच्या बाकाचं मापही दादानं बिसाहूला आडवं करून घेतलं. मी त्याच्यापेक्षा वीतभर उंच आहे. मी घरातच होतो. मला कोणी हाक मारली नाही.

शेवटी चारही चाकं निळ्या रंगानं रंगवली. बाबांची इच्छा होती. दादानं हौसेनं दोन-दोन हात मारले, रंग एवढा जाड की नटांखालची गोल जागासुद्धा निळी झाली. गाडीपुढे नारळ फोडायचा नाही, लिंबू-मिरची बांधायची नाही, हे ठरलेलंच होतं. लाइनीतले दुसरे ड्रायव्हर येऊन म्हणायचे, “इतनी मेहनत की, एक नारियल में क्या जाता है?” बाबा शांतपणे सांगायचे, “नारळ माणसाले खाले असते भाऊ.” माय तेवढ्यात उठून आत जायची.

निघायच्या आदल्या दिवशी बिसाहूच्या बायकोचे दिवस भरले आणि त्याचं येणं रद्द झालं. दादाचं तोंड उतरलं. मला मनातून आनंद झाला, हे लपवत नाही. मागची जागा मला मिळाली.

आता मागच्या जागेचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. ताडपत्री चढवली की ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. मागचा माणूस केबिनच्या पत्र्यावर तळहातानं ठोकतो. एक ठोका — थांब. दोन — चल. हे सगळ्याच गाड्यांत चालतं, मलाही माहीत होतं. मला तेवढंच माहीत होतं.

सकाळी निघालो. केबिनमध्ये दादा, बाबा आणि मधे माय. मागे मी एकटा, केबिनच्या पत्र्याला पाठ टेकून बसलेलो. मायनं लोणच्याची चिनी मातीची बरणी माझ्या मांडीवर ठेवली होती. “दोन्ही हातानं धर. सांडलं तं तेल साऱ्या कपड्याले लागंल. सोडजो नको बरं!” राजनांदगाव गेलं, देवरी गेलं. जंगल लागलं. ताडपत्रीच्या मागच्या फटीतून रस्ता उलटा पळताना दिसत होता. मी बरणीला मिठी मारून बसलो होतो आणि विचार करत होतो, की बिसाहू असता तर दादानं आतापर्यंत गाणं सुरू केलं असतं.

दुपार कलली होती, उतार अजून लागायचा होता. तेवढ्यात माझ्या पाठीला ठोके लागले. पत्र्यावर... दोन, मग जरा थांबून एक. जोरात नाही, पण ठाम. मला वाटलं, दादा आतून ठोकतोय. मला बोलावतोय. सांगायला वेडगळ वाटतं, पण मला इतकं बरं वाटलं! बरणी छातीशी धरून मी ओरडलो, “काय गा दादा?”

गाडीनं ब्रेक मारला नाही. वेग हळूहळू, अगदी हळूहळू कमी झाला आणि गाडी कडेला गवतात जाऊन आपोआप उभी राहिली. दादा उतरून मागे आला. चेहरा पांढरा.

“काय दिसलं तुले?”

“मले? काही नाही.”

“मंग कावून ठोकलं?”

“मी कुठं ठोकलं? तूच ठोकलं ना आतून!”

तो मागे सरला. मग एकेक चाक पाहत गाडीभोवती फिरला. मागच्या डाव्या चाकाजवळ खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. एक नट गायबच होता. बाकीचे बोटानं फिरत होते. नटांखालचा निळा रंग पापडासारखा निघून आला होता, आणि त्यानंच नट सैल पडले होते. पुढे सगळा उतार, वळण, आणि वळणाखाली दरीसारखा नाला.

मला अजून कळत नव्हतं. दादानं सांगितलं. दोन, मग थांबून एक — ही खूण फक्त त्याची आणि बिसाहूची होती. बल्ल्या सरकायला लागल्या की जोरात ब्रेक मारता येत नाही, नाही तर सगळ्या पुढे केबिनवर येतात. तेव्हा बिसाहू असं ठोकायचा. म्हणजे ब्रेक नको, नुसता पाय काढ, गाडी आपली आपण थांबू दे.

“एकच ठोका असता तं मी ब्रेक मारला असता,” दादा म्हणाला. “चाक तिथंच निघालं असतं.”

“दादा, मी नाही ठोकलं. हे पाह्य, दोन्ही हातात बरणी होती.”

“कोपरानं ठोकलं असंल.”

“नाही रे!”

मायला विचारलं. तिनं आणि बाबांनीही ठोके ऐकले होते, मागूनच. दादाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, ते दोघांनी पाहिलं होतं. बरणीवरचं फडकं मायनं सोडून पाहिलं. तेल काठापर्यंत होतं, थेंब सांडला नव्हता. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “असंल कोणी... बोलू नको. हात जोड.”

“कोणाले हात जोडाचे?” बाबा म्हणाले. “देव सोडून देल्ले आपुन, आता भूतं धराची का? पोरानं ठोकलं. पोरगं हुशार आहे, त्याले आवाज आला असंल चाकाचा.”

झालं. त्यांच्यापुरतं तिथेच मिटलं. तिघांना उत्तर मिळालं होतं — मी. मागे दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे मीच. आणि मी नव्हतो हे माहीत असलेला जगात एकटा मीच.

दादानं दुसऱ्या एका चाकाचा एक नट काढून तिथे लावला आणि बाकीचे आवळायला घेतले. मग पाना माझ्यासमोर धरला. “ये. पकड. मी फिरवतो, तू दाब.” माझे हात काळे झाले. एवढे दिवस ज्यासाठी जीव जळत होता ते हातात आलं... आणि मला रडू येत होतं.

संध्याकाळी साकोलीच्या अलीकडे तळ्याकाठी मुक्काम केला. कमानींवर कंदील टांगला, स्टोव्हवर भात शिजला. दादानं पहिला चहा मला दिला. बाजूला मुक्कामाला थांबलेल्या बैलगाडीवाल्यांना तो सांगत होता, “माह्या भावानं वाचवलं आज. कॉलेजात आहे तो.” आधीही तो हे सांगायचा, पण ‘कॉलेजात’ हा शब्द पहिला असायचा. आज ‘माह्या भावानं’ पहिला होता.

झोपताना मी आणखी एकदा म्हणालो, “दादा, खरंच मी नव्हतो.”

तो अंधारात हसला. “कावून लाजतं बे? मले माहीत आहे. पुस्तक धरून तू आमच्याकडंच पाहत बसे. शिकला पाहून पाहून.”

म्हणजे त्याला माहीत होतं, मी कुठे पाहत होतो ते. बिसाहूच्या मापाच्या बाकावर माझे पाय बाहेर लोंबत होते.

परत आल्यावर दादानं आधी बिसाहूचं घर गाठलं. मुलगा झाला होता, बिसाहू खुशीत होता. सगळं ऐकलं आणि त्याचं हसू गेलं. त्या दुपारी तो दारासमोर बसलेला होता, सुईण आत होती. सगळ्या शेजाऱ्यांनी त्याला पाहिलं होतं. मला क्षणभर वाटलं होतं, तो म्हणेल की माझा हात दुखला, मला झोप लागली, स्वप्न पडलं... असं काही तरी. तुमच्या सदरात असतं तसं. त्याला काहीच झालं नव्हतं. तो फक्त दादाकडे बघत म्हणाला, “ए तो हमर दूनों के बात रहिस न? तैं एला सिखा देस?”

“मी नाही शिकवलं बे.”

“त एला कोन बताइस?”

बिसाहूनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली. तीच नजर घेऊन मी सगळा उन्हाळा खाटेवर बसलो होतो. मी त्यालाही सांगितलं, की मी नव्हतो. त्यानं ‘हव, हव’ म्हणून मान फिरवली.

तेव्हापासून बिसाहू आमच्याकडे कमी येतो. गाडी पुन्हा मजूर वाहते. चाकांचा रंग नटांखाली खरवडून काढला आहे. रविवारी आम्ही डोंगरगढच्या बाजूला किंवा तांदुळ्याच्या धरणाकडे जातो, कमानी लावून, बाकं पाडून. माझ्या मापाचं बाक दादानं नवीन केलं. आणि मागे कोण बसणार हे आता विचारावं लागत नाही. “मागं तू बस,” तो म्हणतो, “तुह्या हातावर माहा भरवसा आहे.”

मी पत्र्याला तळहात लावून बसतो. कॉलेजात मी विचार करून पाहिला आहे — ढिल्या चाकाचे हादरे, पत्र्याचं कंप पावणं, त्यातून निघणारा आवाज. आवाज निघेल. पण दोन, मग थांबून एक? नेमकं तेव्हाच? याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही, आणि मायजवळ जे उत्तर आहे ते मला घ्यायचं नाही. वाचकांपैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवावं.

तोपर्यंत एवढंच आहे. माझ्या भावाला ज्या हातावर जिवापेक्षा जास्त विश्वास आहे, तो हात माझा नाही. बिसाहूचाही नाही. कोणाचा आहे ते मला माहीत नाही, त्याची भीतीही वाटत नाही. फक्त पत्र्याला हात लावून बसलो, की त्या हाताचा हेवा वाटतो.