झुंबरआबांची हजेरी

झुंबरआबा गावाबाहेर पडायचे ते माझ्या ओट्यावरून. बेल्ह्याच्या बाजाराला जायचं असो की डिंभ्याला बहिणीकडे, पायरीखाली चपला काढून उभे राहायचे. "पाटील, निगालो बरं का. सांजच्याला माघारी." परतल्यावर पुन्हा हजर. "आलो पाटील. बगून घ्या." बघून काय घ्यायचं, कपाळ! पण ते हलायचे नाहीत. पिशवीतून वही काढायचे, तीत तारखेखाली माझी सही घ्यायचे आणि मगच माळावरच्या आपल्या घराकडे वळायचे. मी गावचा पोलीस पाटील, ते पारधी. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, तरी मी त्यांना अरेतुरेच करायचो. 'आबा' म्हणतोय ते आता, लिहिताना.

गोऱ्या साहेबाने कायदा करून त्यांची अख्खी जमात जन्मानेच गुन्हेगार ठरवली होती. आबांचा आजा रोज चावडीवर हजेरी द्यायचा. साहेब गेला, पाठोपाठ तो कायदाही रद्द झाला, तेव्हा आबा रांगत असतील. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे झुंबर, तो कायदा कधीच मेला. कशाला खेटे घालतोस?" आबा हसले. "मेला आसंल पाटील. पर ठाण्यात कुनी सांगितलं न्हाई अजून."

त्यांचं हसणं खोटं नव्हतं आणि त्यांची भीतीही. मागे एकदा ते कोणाला न सांगता दोन दिवस बहिणीकडे राहिले. त्याच दिवसांत एका बागायतदाराच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. आबा गावात नाहीत म्हटल्यावर पुढे तपास कसला? एसटीतून उतरल्या उतरल्या त्यांना उचललं. चौथ्या दिवशी मी सोडवून आणलं तेव्हा त्यांना डावा पाय टेकवत नव्हता. तो पुढे कधी धड झालाच नाही. मोटार नंतर बागायतदाराच्या भाच्याकडेच निघाली. घरातला मामला म्हणून सगळे गप्प बसले. आबांची कोणी माफी मागितली नाही, मीही नाही. मी त्यांना फक्त एवढं म्हणालो, "इथून पुढं मला सांगून जात जा. माझी सही असली की तुला कोणी हात लावणार नाही." वही त्यानंतरची.

कशाला खोटं बोलू, मला ते आवडायचं. म्हातारा माणूस खाली उभा आहे, माझ्या सहीवाचून त्याचं पाऊल उचलत नाही, याची एक गुर्मी असते. पोलीस पाटील हे पदही साहेबाच्याच काळापासून चालत आलेलं. खुर्ची जुनी, तिच्यात बसणारा मी नवा, एवढाच काय तो फरक. पंधरा ऑगस्टला आबा धुतलेला सदरा घालून शाळेत सर्वांच्या आधी येत. झेंड्याला सलाम झाला की गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ यायचे. "पाटील, मी आल्याचं ध्यानात हाय न्हवं?" पोरं खिदळायची. मीही हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. मुलाने, सुरेशने, भाड्याचा टेम्पो आणला. नारायणगावचा दवाखाना अर्ध्या-पाऊण तासावर. पण आबांनी टेम्पो माझ्या दारात थांबवायला लावला. मी जुन्नरला बैठकीत, फोन बंद. माझी बायको काकुळतीला आली. "अहो जा तुम्ही, मी सांगते त्यांना." आबा घामाने निथळत होते. "न्हाई वयनी. मागं न सांगता गेलो, त्याचं काय झालं? माज्यामागं ठाण्यातले सुरेशला उचलतील. पाटील येऊ द्या, सही झाली की लगेच निगतो." सुरेश दोनदा उचलायला गेला, तर त्याचा हात झिडकारला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा, उभं राहवेना म्हणून, ते माझ्या ओट्यावर बसले.

मी दुपारी परतलो. आबा खांबाला टेकून होते. हात लावला तर अंग गार. मी सुरेशवर खेकसलो, "अरे गाढवा, ऐकलंस कशाला त्याचं? सरळ न्यायचं ना!"

तो म्हणाला, "तुमीच सांगितलं व्हतं त्यांना, पाटील."

चार जणांनी आबांना टेम्पोत ठेवलं. मातीची तयारी माळावर करायची होती. ड्रायव्हर चढला, बाया रडत मागे उभ्या राहिल्या, पण टेम्पो काही हलेना. सुरेश पायरीखाली तसाच उभा होता, चपला काढून.

"पाटील," तो म्हणाला, "न्यायचं का आता?"