माशाच्या पाटीवरचा खळगा

जर्मनीतल्या एर्लांगेनला येऊन श्यामकांत आगाशेला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षं तो दगडच बघत होता. पिरॅमिडांच्याही कितीतरी आधी इजिप्तमधले लोक डोळ्यांना लावायचा हिरवा रंग ज्यांवर उगाळत, त्या मासा-कासवांच्या आकाराच्या दगडी पाट्या. त्यातल्या एका माशाला तोंडाजवळ खळगा होता. मधोमध का नाही? तिथला दगड मुळातच मऊ, असं श्यामकांतनं प्रबंधात चाळीस पानं खर्चून सिद्ध केलं होतं.

१९६२च्या उन्हाळ्यात त्याची बायको सुलेखा पुण्याहून आली. पुढेमागे लागेल म्हणून सासूबाईंनी तिच्या ट्रंकेत गुटी उगाळायची सहाण घातली होती. एका रविवारी श्यामकांतचे मार्गदर्शक प्रोफेसर लिंडनर यांनी दोघांना कॉफीला बोलावलं आणि कौतुकानं ती माशाची पाटी दाखवली. सुलेखा हसलीच.

"अहो, ही तर सहाण! उगाळणारीच्या मांडीवर पोर असणार. एक हात पोराला, एक उगाळायला. मग सहाण सरकू नये म्हणून शेपटी पायाच्या अंगठ्याखाली दाबायची. माझी वहिनी अस्संच करते. खळगा तोंडाकडेच पडणार!"

हे जर्मनमध्ये सांगायचं काम श्यामकांतवरच आलं. स्वतःच्या चाळीस पानांचं श्राद्ध त्यानं स्वतःच्याच तोंडानं घातलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" प्रोफेसर ओरडले. त्या दिवसापासून कुठलीही पाटी पुढे आली, की त्यांचा प्रश्न ठरलेला, "फ्राउ आगाशे काय म्हणतात?" श्यामकांतच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मॅट्रिकला गणितात पस्तीस मार्क मिळवणारी ही बाई! सरळच सांगायचं तर तो आपल्या बायकोवर जळत होता.

नोव्हेंबरात प्रोफेसरांचं पत्र आलं. शुक्रवारच्या व्याख्यानाला फ्राउ आगाशेंनी सहाण घेऊन यावं आणि सगळ्यांसमोर उगाळून दाखवावं. श्यामकांतनं पत्र कोटाच्या खिशात कोंबलं आणि प्रोफेसरांना सांगून टाकलं, की ती आजारी आहे, घसा पार बसलाय.

बुधवारी दुपारी बेल वाजली. भज्यांच्या पिठानं हात भरलेल्या, चांगल्या ठणठणीत सुलेखानं दार उघडलं. समोर प्रोफेसर, हातात फुलं. तिच्यामागे श्यामकांत भिंतीला चिकटला.

"क्रांक?" प्रोफेसरांनी आपल्या गळ्याला हात लावून विचारलं. "फ्रायटाग... नाइन?"

सुलेखाला जर्मनचे तीसेक शब्द येत होते. आजारी, शुक्रवार, नाही, हे तिन्ही त्यात होते. तिनं फुलांकडे पाहिलं, मग वळून नवऱ्याकडे. त्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. तिनं पदर तोंडाशी नेला आणि अशी खोकली, की प्रोफेसर दोन पावलं मागे सरले. या खेपेला भाषांतर करावं लागलं नाही. श्यामकांतला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्याच्या मनात आलं, साधं खोटं बोलणंसुद्धा हिला माझ्यापेक्षा बरं जमतं.

प्रोफेसर गेले. श्यामकांतनं कोटाच्या खिशातलं पत्र काढून तिला वाचून दाखवलं. सुलेखानं फुलं पाण्यात ठेवली, हात धुतले आणि ट्रंकेतली सहाण काढून टेबलावर ठेवली.

"शुक्रवारपर्यंत बरी होतेय मी, तसं कळवा त्यांना," ती म्हणाली. "आणि तिथे माझं बोलणं नीट सांगायचं, अहो. एक शब्द गाळायचा नाही."