किन्हवलीचा तापलेला काटा

किन्हवलीच्या धाऊचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पण गडी मिरवायचा तो काट्यावर. सुटे भाग जोडून, लाल आकडे दाखवणारा वजनकाटा त्यानं स्वतःच्या हातानं बनवला होता. "माजा काटा सख्ख्या बापाला पन सोडायचा नाय," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. बायकोचे, गिरजाचे, तर कान किटले होते.

२००३ च्या एप्रिलात गावात कबड्डीचे सामने भरले. गट पंचावन्न किलोचा, आणि वजनाला काटा धाऊचाच. गावाची सगळी भिस्त चंदरवर, म्हणजे गिरजाच्या धाकट्या भावावर. गडी अंगानं भरलेला. वजन उतरवायचं म्हणून आठवडाभर नुसत्या काकड्या चावत होता बिचारा.

आता आपल्याकडची रीत! नारळ फोडल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. काट्याला हार घालून मैदानात पत्र्याच्या टेबलावर मांडला, आणि नारळ फोडणारे पाहुणे दुपार कलली तरी येईनात. पंच सावलीत, काटा उन्हात. काय म्हणावं या शहाणपणाला!

एकदाचा नारळ फुटला. पहिला मान यजमानांचा. चंदर काट्यावर चढला, आकडा आला चोपन्न. पोरांनी त्याला खांद्यावरच घेतलं.

धाऊ काटा सरळ करायला गेला तर बोटाला चटका बसला. काट्यातली चिप स्वतःजवळचा एक ठरलेला व्होल्टेज धरते आणि त्याच्याशी ताडून वजनाचा आकडा सांगते. गरमी हद्दीबाहेर गेली की तो व्होल्टेजच सरकतो, मग आकड्याचा काय भरवसा? चिपच्या कागदावर हे छापलेलं होतं. धाऊनं वाचलंही होतं, आणि पाहुण्यांच्या गडबडीत साफ विसरला होता. तो हळूच स्वतः चढला. लग्नापासून बासष्टवर अडलेला माणूस एकोणसाठ भरला.

बोलावं तर मेव्हणा बाद होतो आणि गाव तोंडात शेण घालतं. गप्प बसावं तर समोरच्या संघाची, मुरबाडची, पोरं फसतात. धाऊला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

"थांबा रे!" तो ओरडला. "काटा तापलाय. वजन परत करायला लागंल!"

काटा सावलीत नेला. धाऊ सूप घेऊन त्याला वारा घालत बसला, आणि गाव त्याला शिव्या घालत उभं राहिलं. काटा निवल्यावर आधी तोच चढला: बासष्ट. मग चंदर: सत्तावन्न.

"बाद," धाऊ कसाबसा म्हणाला.

गिरजा बायकांतून ताडकन उठली. "आज घरात पाय टाकून तर बगा तुमी!"

सामना मुरबाडनं मारला. धाऊशी कुणी बोललं नाही. दिवेलागणीला तो दबकत दबकत घरी आला, तर आत चंदर कोंबडीच्या रश्श्यात भात कालवत बसलेला.

"या दाजी! काकडी खाऊन जीव चालला व्हता माजा. आज खेळलो असतो ना, मैदानातच आडवा झालो असतो. देवासारकं वाचवलंत!"

गिरजानं नवऱ्याकडं न बघता पातेलं त्याच्यापुढं सरकवलं.

"ज्याला बाद केलात, त्यानंच समदं संपवलं. बसा आता खरवडत."