साध्या खात्यातल्या आत्या

माणच्या आमच्या वाचनालयातला संगणक आत्यांच्याच ताब्यात होता, पण त्यावर त्या स्वतःलाही पूर्ण मोकळीक देत नसत. लिनक्समध्ये 'रूट' नावाचा सर्वाधिकारी असतो. त्याने काहीही पुसायला सांगितले तरी यंत्र मुकाट्याने पुसते. आत्या मात्र कायम साध्या खात्यातून काम करायच्या. म्हणायच्या, "मालकीन झाले म्हून काय, चुकायची न्हाई व्हय मी?"

आयटी पार्कसाठी जमीन गेल्यावर त्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. तिथे राहणाऱ्या आयटीतल्या मुलांकडून त्या लिनक्स शिकल्या आणि पुढे त्यांनाच टोकू लागल्या. इंटरनेटवरून उतरवलेला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, एकाने थेट रूट होऊन बांधायला, म्हणजे त्यातून चालता प्रोग्रॅम तयार करायला घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अनोळखी पाव्हणा आला तर आदी सोप्यात बसवतोस का थेट देवघरात?" कोड चाळायचा, साध्या खात्यात बांधायचा, तपासायचा आणि शेवटी जागेवर बसवण्यापुरताच रूटचा अधिकार घ्यायचा, ही त्यांची रीत.

आमचा संगणक तात्यांना पुस्तके वाचून दाखवी. तात्या निवृत्त शिक्षक, दृष्टी गेलेली. तयार मिळणारा वाचक-प्रोग्रॅम जोडाक्षरे गिळायचा. आत्यांनी त्याचा कोड घेऊन उच्चारांचे नियम सुधारले, बांधणी सुरू केली आणि शेजारी मेथी निवडत बसल्या. पडद्यावर चुकांची रांग लागली की त्या सर्वांत वरची चूक शोधत. "खालच्या समद्या हिच्याच लेकी." वाचक पहिल्यांदा नीट बोलला, तेव्हा तात्या म्हणाले, "तुझ्यापेक्षा शुद्ध बोलतो गं!"

"मग आता त्याच्याच चुका काढत बसा, माजा जीव सुटला."

पुढे आत्या आजारी पडल्या आणि आजार बळावत गेला. सिस्टिम बदलली की वाचक नव्याने बांधावा लागे, आणि ते एकट्या आत्यांनाच येई. त्यांच्यामागे तात्यांचे वाचन थांबेल, या भीतीने मी त्यांचा पासवर्ड मागितला. त्या चिडल्या. "माज्या नावानं तू कामं करनार? मग चुकलं तर कुणाचं म्हनायचं?" त्यांनी माझ्या स्वतःच्या खात्याला रूटचा अधिकार दिला आणि सगळी बांधणी माझ्याकडून करून घेतली. मी अडलो की एवढेच म्हणत, "वर बघ."

शेवटच्या खेपेला त्या वाचनालयात आल्या आणि म्हणाल्या, "आता माजा अधिकार काढ."

"राहू द्या की, आत्या."

"मी हितं येनार न्हाई आता. किल्ली कशाला उगं लोंबत ठिवायची?"

मी काढला. लगेच त्यांनी आपल्या खात्यातून रूटच्या अधिकाराची एक आज्ञा देऊन पाहिली. संगणकाने नकार दिला आणि हा प्रकार कळवला जाईल, असे बजावले.

"कुणाला कळवतंय रं?"

"मला," मी म्हणालो.

"लई ब्येस."

त्या गेल्यानंतर सिस्टिम बदलली. वाचक मी एकट्याने बांधला. तात्यांनी कान देऊन बराच वेळ ऐकले. एकही चूक काढली नाही. मग म्हणाले, "थांबव जरा. तिनं ऐकायला हवं होतं रे हे."